खाण तशी माती

आमच्या इंदूरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आग्रा-मुंबई रस्ता आहे. तोच धरून दक्षिणेला निघालं की माझ्या आजोळच्या शिवारापाशी पोहोचता येतं. आई म्हणायची, "मला माहेरचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही, रस्ता दारातूनच जातो." मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधव्यापुढे बिजासनी, मग शिरपूर, धुळे, मालेगाव. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आला की ती डोळे मिटून अहिल्यामातेला हात जोडायची. पुढे पिंपळगाव बसवंतला मोठा रस्ता सोडायचा आणि दिंडोरीच्या बाजूला वळायचं. बसच्या टपावर आमची एक गोणी असायची, मालवी गव्हाची. तिकडच्या गव्हाचे बाफले होतच नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. परतताना त्याच गोणीत कधी कांदे, कधी भुईमूग, आणि मांडीवर द्राक्षांची पेटी.

आजोळी थॉम्पसन द्राक्षांची बाग होती. मंडपाखाली वाकून चालायचं, वर हिरवं छत, आणि त्यातून लोंबणारे घड. मामांचे हात मला त्या दिवसांतले आठवतात ते मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याने निळे पडलेले. त्यांच्या खिशात प्लास्टिकच्या गोल कड्या असत, मण्याची साईज मोजायला. सोळा मिलिमीटरच्या कडीतून मणी आरपार गेला की त्यांचं तोंड उतरायचं. अठराच्या कडीत अडकला की ते आम्हा पोरांना हाका मारून दाखवायचे. घडाची विरळणी, घड जीएत, म्हणजे जिबरेलिक आम्लात, बुडवण्याचं डिपिंग, खोडाची साल गोल काढण्याचं गर्डलिंग, सगळी धडपड मणी फुगवण्यासाठी. मुलींच्या लग्नाचं, विहिरीच्या कर्जाचं, थोरल्याच्या शिक्षणाचं गणित त्या दोन मिलिमीटरमध्ये होतं. त्याच मामांनी पुढे लहान मण्याची, जाड सालीची, खाल्ली तर दात आंबणारी पांढरी द्राक्षं लावू दिली. त्याची वाइन होते. ती वाइन आज माझ्या मामेभावाचं घर बनवतं, सेंद्रिय द्राक्षांची, आणि बाटलीवर शिवाराचं नाव असतं.

हे सहज झालं नाही. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिकभर वाइनच्या द्राक्षांचे करार होऊ लागले. फुगवण नको, डिपिंग नको, ठरलेला भाव मिळणार. शेतकऱ्याला अजून काय हवं? दादाने, म्हणजे मामेभावाने, २००६ मध्ये तीन एकर शेनिन ब्लाँ ही वाइनची द्राक्षं लावली. दोन हंगाम माल गेला. २००९ मध्ये मंदी आली, वायनऱ्यांच्या टाक्या आधीच भरलेल्या, आणि ज्यांच्याशी करार होता त्यांनी फोन उचलणं बंद केलं. द्राक्षं वेलीवर सुकली. आजूबाजूला जेसीबी फिरले, वाइनच्या बागा मुळासकट निघाल्या. मामांच्या उरलेल्या थॉम्पसनवर घर चालेल असं वाटत होतं, तर २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. लागोपाठ दोन वर्षं.

तेव्हा वहिनीने एक गोष्ट केली. प्रयोगशाळेतून आलेला उर्वरित अंशाचा तपासणी अहवाल तिने कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. लांबलचक यादी, एकेक औषधाचं नाव, पुढे आकडा. बहुतेक आकडे मर्यादेच्या आत. मी तिला म्हटलं, "वहिनी, रिपोर्ट तर चांगला आहे की." ती म्हणाली, "ताई, आकडे चांगले आहेत. पण ही एवढी नावं आपल्या बागेची आहेत, हे मला रोज साडी काढताना दिसू दे." मी इंदूरला अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. त्या यादीतली निम्मी नावं मी फळ्यावर लिहू शकले असते, आणि तरी मला ती कधी अशी दिसली नव्हती.

शेनिनचे ते तीन एकर तिने उपटू दिले नाहीत. सेंद्रिय करायचे म्हणाली. बहुवर्षी पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या मालाचा. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, ते बंद झालं. हे औषध लावलेल्या मजुराने त्या दिवशी दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, कारण अल्कोहोलपासून शरीरात बनणारं अॅसिटाल्डिहाइड पचवणारं यकृतातलं एन्झाइमच ते अडवतं. मजुरांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण 'पेस्टिंगच्या दिवशी पिऊ नको' हे माहीत होतं. पेस्टिंग बंद केल्यावर डोळे मागेपुढे फुटू लागले. एकाच वेलीवर एक घड पिकलेला, दुसऱ्यात अजून पाणी उतरायचं आहे. म्हणजे काढणी दोनदा-तीनदा. भुरी रोगाला गंधक, डावणी रोगाला मर्यादेत बोर्डो, म्हणजे तेच मोरचूद-चुन्याचं मिश्रण, बांधावर शेवरीची दाट रांग, कारण शेजारच्या ब्लोअरचा फवारा वाऱ्याने इकडे आला तर सगळी मेहनत पाण्यात. बोर्डोतलं तांबं मातीत साठत जातं, ते काही हवेत विरत नाही. सेंद्रियमध्ये चालतं म्हणून हात सैल सोडायचा नाही, हे वहिनीचं म्हणणं मला फार पटलं. फवारणीच्या वहीत ती तांब्याचा हिशोब सोन्यासारखा लिहिते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

२०१४ च्या फेब्रुवारीत मी गेले होते. मामा गोठ्यामागे होते, हातात लोखंडी गज. समोर खताचा लांब, बसका ढीग, वर गोणपाट. मामांनी तो गज ढिगात कोपरभर खुपसला, थोडा वेळ थांबले, बाहेर काढला आणि माझ्या पुढे धरला. "हात लाव." मी लावला आणि झटक्यात मागे घेतला. चहाच्या पातेल्याइतका गरम. गजाच्या टोकाला काळपट ओलं काहीतरी चिकटलं होतं, आणि त्याला शेणाचा वास नव्हता. जंगलात पालापाचोळा उकरल्यावर येतो तसा वास होता.

"कशाचं खत आहे, मामा?"

"तुमचंच की. इंदूरचं खत."

मला वाटलं, ते माझी गंमत करताहेत. ते अगदी साधेपणाने म्हणाले, "अगं, पद्धतच ती. इंदूर पद्धत. आम्हाला ग्रामसेवक शिकवायचा साठ-पासष्ट सालात. तुला नाही म्हाइत?"

मला नव्हतं माहीत. जन्म इंदूरचा, शिक्षण इंदूरचं, नोकरी इंदूरला, आणि माझ्या गावाच्या नावाने जगभर ओळखली जाणारी गोष्ट मला दिंडोरीच्या गोठ्यामागे कळली. त्या रात्री मला झोप आली नाही. परत आल्यावर मी वाचनालयातून वाचत सुटले.

आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुशाच्या संशोधन संस्थेत आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएलही वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघांचं काम जोडीने चाले. १९२४ मध्ये इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली, होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. मुख्य पीक कापूस. पण हॉवर्ड यांच्या डोक्यात पिकापेक्षा माती होती. आजूबाजूचा शेतकरी आपल्या शेतातलं काय काय पुन्हा शेताला देतो, हे ते बघत होते, आणि चीनमधल्या शेतकऱ्यांची खत करण्याची जुनी रीत त्यांनी वाचलेली होती. कपाशीच्या काड्या लाकडासारख्या टणक. त्या कुजत नाहीत म्हणून लोक जाळून टाकत. त्यांनी काय केलं, तर त्या काड्या संस्थेच्या रस्त्यांवर अंथरल्या. दिवसभर बैलगाड्या जात-येत, आणि चाकांखाली काड्यांचा भुगा होई. मग तो भुगा, तण, पाला सगळं गोठ्यात गुरांखाली पसरायचं. मूत्र मुरलेली माती, शेणकाला, लाकडाची राख यांचे थर खड्ड्यात घालायचे. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि अवघा दोन फूट खोल, कारण त्याहून खोल गेलं तर हवा पोहोचत नाही. ओल राखायची, तीन वेळा खालीवर करायचं, आणि तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत. बस, एवढंच. याला साऱ्या जगात 'इंदूर पद्धत' म्हणतात.

१९३१ साली या पद्धतीचं पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरं नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड सगळीकडे भेटतात, वाड क्वचित. आमच्या इंदूरच्या एका मराठी माणसाने त्या ढिगांचं तापमान मोजलं असेल, नायट्रोजनचे हिशोब केले असतील, हे मला माझ्या शाळेत एकदा तरी मुलांना सांगता आलं असतं. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजीही हे खत बघायला त्या संस्थेत गेले होते. ती जागा म्हणजे आजचं आपलं कृषी महाविद्यालय. शहर चारही बाजूंनी त्याला भिडलं आहे. मी शेकडो वेळा त्या कुंपणावरून गेले असेन.

आणखी एक गोष्ट सापडली, ती मी वहिनीला फोन करून सांगितली. हॉवर्ड यांनी १९४० च्या पुस्तकात फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांबद्दल लिहिलं आहे. नुसत्या शेणखतावर पोसलेल्या वेलींच्या मुळांशी एका बुरशीची सोयरीक होते, ती बुरशी मातीतलं अन्न मुळाला पोचवते, आणि अशा मळ्यांची वाइन नावाजलेली असते, असं त्यांचं निरीक्षण. वहिनी फोनवर बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपण उलटं नाही चाललो, ताई."

वाइनच्या दुनियेत 'टेरवार' हा फ्रेंच शब्द फार चालतो. माती, उतार, पाणी, हवा, तिथल्या माणसांच्या रीती, या सगळ्यांची मिळून पेल्यात उतरलेली ओळख. आजोळी हा शब्द फक्त बाहेरून आलेले लोक वापरतात. मामा 'शिवाराची चव' म्हणतात. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, हे आपण बैलांबद्दल म्हणतो. पण बांध ओलांडला की वांग्याची चव बदलते, हे कुठल्याही गावात म्हातारं माणूस सांगेल. आई तो गहू टपावर लादून नेत होती तेही यासाठीच.

दादाच्या शेनिनचे दोन तुकडे होते. दोन एकर वर डोंगराच्या अंगाला, मुरमाड, हलके. एक एकर खाली, नदीकडे, काळ्या कसदार मातीत. वाण एक, खुंट एक, खत एकाच ढिगातलं, छाटणी एकाच आठवड्यात. खालच्या तुकड्यात वेल माजायचा. काळी माती पाणी धरून ठेवते, पोटॅशही भरपूर, त्यामुळे मणी मोठे, रस पातळ, पीएच चढा. वरच्या तुकड्यात मुरमातून पाणी निथळून जातं, वेलीला तहान सोसावी लागते, मणी वाटाण्याएवढे. पहिल्या वर्षी वहिनीने मला दोन्ही टाक्यांतलं थोडं थोडं दिलं. खालचं गोडसर, पिकल्या पपईच्या वासाचं, आणि घोट गिळला की संपलं. वरचं जिभेवर आलं तसं दोन्ही गालांच्या आत पाणी सुटलं. कच्च्या पेरूचा वास, मग लिंबाच्या सालीचा, आणि शेवटी काहीतरी कोरडं, स्वच्छ. ओल्या पाटीवर खडू ओढल्यावर येतो तसं. मी आयुष्यभर तो वास घेतला आहे, म्हणून मला तो लगेच ओळखू आला.

दगड विरघळून पेल्यात येतो असं मात्र कुणी समजू नये. मुळं खनिजांचे आयन घेतात, ते इतके कमी की जिभेला कळत नाहीत. जमीन वेलीला किती पाणी देते, किती अडवते, मुळं किती खोल जातात, मणी केवढा राहतो, रात्री आम्ल किती टिकतं, यातून ती चव घडते. मी हे मामांना समजावून सांगत होते. ते ऐकून घेत होते, आणि मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला तो मी अजून सोडवते आहे.

"इंदूरला खाली कोणता दगड आहे?"

बेसॉल्ट. दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मालव्याचं पठार आणि नाशिकचं पठार एकाच लाव्हाने घडलेलं आहे. काळी माती त्याच दगडाची.

"मग खाण एकच की. माती का येगळी?"

खाण तशी माती, ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल, बहुधा कुणाच्या तरी मुलाबद्दल. मामांच्या प्रश्नानंतर ती माझ्याच्याने पूर्वीसारखी वापरवत नाही. खाण एकच असली तरी उतार निराळा, पाऊस निराळा, हे खरं. पण ज्या तुकड्याला पंचवीस वर्षं नुसती पोती फोडून खत टाकलं होतं, तिथे दादा कुदळ मारायचा तर टणत्कार यायचा. आज त्याच ओळीत माझी बोटं मनगटापर्यंत आत जातात. मूठ उघडली की माती रव्यासारखी सुटते, आणि त्यात गांडुळांची पिवळट, मऊ विष्ठा दिसते. ही माती लाव्हाने दिलेली नाही. ती मामांनी, वहिनीने, आणि दरवर्षी ढीग खालीवर करणाऱ्या दोन बायकांनी केली आहे. टेरवार म्हटलं की लोक जमिनीच्या दैवगतीबद्दल बोलतात, इथला डोंगर असा, तिथलं धुकं तसं. मला त्यातला हाताचा वाटा मोठा वाटतो. फार मोठा वाटतो. मुरूम तसाच आहे. त्याच्या वरची वीतभर माती माणसांची आहे.

वेलींचंही तसंच. शेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीच्या काठची, तिचा खुंट डॉगरिज, टेक्सासच्या रानवेलीचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलोक्सेरा किडीने युरोपचे मळे फस्त केले तेव्हापासून कलम अमेरिकन खुंटावर बांधायची रीत पडली. आपल्याकडे डॉगरिज घेतला तो दुष्काळ आणि खारं पाणी सोसतो म्हणून. पाय एकीकडचे, फांदी दुसरीकडची, आणि चव तिसऱ्याच जागेची. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना हे सांगायला नको. आमच्या बोलण्यात 'अपन' येतं, पोह्यांवर शेव येते, आणि गणपतीत आरती तीच.

२०१९ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र कुणी विसरणार नाही. गोडी छाटणी झालेली, कोवळे घड बाहेर आलेले, आणि पाऊस थांबेना. अख्ख्या नाशिक जिल्ह्यात डावणीने घड कुजले. रासायनिक बागाही गेल्या, आमची तर जायचीच होती. वहिनीने त्या आठवड्यात नेमून घेतलेल्या तांब्याची मर्यादा गाठली आणि हात आखडला. दादा रात्री बांधावर बसून म्हणाला, "एकच फवारा मार, कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "वहीला कळेल." त्या वर्षी वरच्या तुकड्यातून जेमतेम सहाशे बाटल्या झाल्या. खालच्या तुकड्यातली शेनिन त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात काढली. तिथे आता ताग, मका आणि गुरांचा चारा आहे. नदीकाठची ती काळी माती आता वरच्या मुरमाला खाऊ घालते.

या जानेवारीत मी काढणीला गेले. पहाटे तीनला उठवलं. थंडी अशी की नळाखाली बोटं बधिर. डोक्याला बॅटऱ्या बांधलेल्या बारा बाया ओळीत शिरल्या, आणि थोड्याच वेळात नुसता कात्र्यांचा कुटकुट आवाज, मधूनच कुणाचं तरी गाणं. द्राक्ष थंड असताना कापलं की रस काळवंडत नाही, वास उडत नाही. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, एकवीसच्या आसपास. मामींनी मला कात्री दिली आणि घड कसा धरायचा ते दाखवलं: तळहातावर, पिल्लू धरतात तसा, बोटांनी दाबायचा नाही. मण्यावरची पांढरी लव पुसली गेली तर त्या ओरडतात. त्या लवेच्या आसपास, सालीवर, बागेतलं यीस्ट असतं. वहिनी काढणीच्या पाच दिवस आधी वरच्या ओळीतले बादलीभर घड कुस्करून ठेवते. ते फसफसू लागलं की तेच मोठ्या टाकीत घालते. विकतचं यीस्ट नाही. "आपण दुसऱ्याच्या घरचं विरजण कशाला आणायचं?" ती म्हणते.

सूर्य वर यायच्या आत क्रेट शेडमध्ये. पत्र्याचं शेड, आत तीन स्टीलच्या टाक्या, एक प्रेस. अख्खे घड प्रेसमध्ये जातात. पहिला रस गढूळ हिरवा येतो, उसाच्या रसासारखा. रात्रभर गार ठेवला की साका खाली बसतो आणि निवळ वर राहते. मग ती निवळ पंधरा-सोळा अंशांवर सावकाश आंबू द्यायची, दोन-तीन आठवडे. कधी महिना. युरोपच्या नियमाप्रमाणे साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, सेंद्रियमध्ये १५०. वहिनी सत्तरच्या आत ठेवते, तेही बाटली भरताना. टाकीला कान लावला की आत पाऊस पडत असल्यासारखा बारीक आवाज येतो. मामी त्या टाकीजवळून जाताना पदर सावरतात. पहिली तीन वर्षं त्यांनी या वाइनचा थेंबही जिभेला लावला नव्हता. आमच्या घरात दारू म्हणजे दारूच. आईने तर दादाने ही बाग लावली तेव्हा दोन महिने भावाला फोन केला नव्हता. मी त्या दोघींना चूक म्हणणार नाही. ज्यांनी गावात दारूने मोडलेली घरं पाहिली आहेत त्यांना तो हक्क आहे.

त्या संध्याकाळी मी चूल मागून घेतली. इंदूरहून गराडूचे कंद नेले होते, दोन किलो, आणि जीरावण मसाल्याची पुडी. गराडू सोलताना हाताला खाज येते म्हणून मामींनी तेल लावून दिलं. आधी उकडून, मग चौकोनी तुकडे तेलात लालसर तळायचे, वर जीरावण, वर लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. दादाने गेल्या वर्षीची बाटली उघडली. मी गरम तुकडा तोंडात टाकला आणि वर वाइनचा घोट घेतला. लिंबाच्या आंबटाला शेनिनचं आंबट भेटलं, तेलाचा जडपणा धुऊन गेला, आणि जीरावणमधली हिंग-जिऱ्याची झणक मागून हळूच वर आली. मालव्याच्या काळ्या मातीतला कंद आणि दिंडोरीच्या मुरमावरचा वेल. मामींनी माझ्या ताटातला एक तुकडा उचलला, दादाच्या पेल्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता एक घोट घेतला. मग दुसरा तुकडा उचलला.

निघताना दादा म्हणाला, "बाटल्या दिल्या असत्या, पण राज्याची हद्द आहे, परवान्याचं लफडं नको." मी म्हटलं, "मला बाटली नकोच आहे." मामा उठले, गोठ्यामागे गेले. वय ऐंशीच्या घरात, पण फावडं त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. जुनी गव्हाची गोणी, आईच्या वेळची म्हणावी अशी, तिच्यात त्यांनी ढिगाच्या आतल्या बाजूचं मुरलेलं खत भरलं, तोंड सुतळीने शिवलं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं.

सेंधव्याच्या अलीकडे तपासणी चालू होती. हद्द ओलांडून येणाऱ्या गाड्यांत दारू शोधत होते. हवालदाराने डिकी उघडायला लावली आणि गोणीवर काठी टेकवली.

"इसमें क्या है?"

"खाद है, भैया."

"कहाँ से ला रही हैं?"

"नासिक से. पर है इंदौर की."

त्याने सुतळीच्या फटीतून दोन बोटं आत घातली, चिमूटभर बाहेर काढलं, नाकाशी नेलं आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग ती चिमूट त्याने झटकून टाकली नाही. परत गोणीत ठेवली, आणि डिकी लावली.